टनभर उसनं वजन

तळपाय सपाट म्हणून मामांना सैन्यात घेतलं नाही. मग बावन्नाव्या वर्षी त्यांनी सैन्याचा एक ट्रेलरच घरी आणला. लिलावातला, हिरवा, दोन चाकांचा. मामा कुलपं दुरुस्त करतात. त्यांचं सगळं दुकान एका पिशवीत मावतं. ती पिशवी वाहायला एवढं धूड कशाला, हे विचारायची सोय नव्हती. विचारलंच तर ते ट्रेलर थोपटत म्हणायचे, "युद्धासाठी बनवलाय हा."

मामींना मात्र अंगणात कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. तीन वर्षं त्यांनी कळ काढली. शिवणाचा वर्ग नव्या जागेत हलवायची वेळ आली तेव्हा त्यांनी निकाल लावला.

"अहो, माझी नऊ मशिनं यातूनच न्या. एक जरी बिघडलं, तर हा भंगारात जाणार."

मामांनी आधी स्वयंपाकघरातलं कपाट त्यात चढवून भाड्याच्या जीपमागे एक फेरी मारली. कपाट परत आलं, पण दारं वाटेत राहिली. ट्रेलरच्या स्प्रिंगचे पाटे टनभर ओझ्यासाठी घडवलेले, हलकं काही ठेवलं की उड्या मारायचे. मशिनं सगळी मिळून जेमतेम अडीचशे किलो. शहाण्या माणसाने टेम्पो बोलावला असता. आमचे मामा दारोदार उसनं वजन मागत फिरले.

"उद्या परत करतो," असं वर प्रत्येकाला वचन.

गल्ली खूश झाली. कुणी बंद फ्रिज दिला, कुणी फुटकं बेसिन. लिफ्टवाल्याने लोखंडी ठोकळे दिले. दातांच्या डॉक्टरांनी तर दवाखान्यातली जुनी खुर्चीच काढून दिली, तीही स्वतः हात लावून. खाली हे सगळं दोरांनी आवळलं, वर गाद्यांमध्ये मशिनं. ट्रेलर अगदी गुणी बाळासारखा चालला. मामी रस्ताभर मागून स्कूटरवर, नजर मशिनांवरून हलेना.

नव्या जागेत त्यांनी एकेका मशीनवर दोरा ओवून चिंधीवर टीप मारून पाहिली. मामा दाराबाहेर उभे. आत यायचा धीरच होईना त्यांना. मला त्यांची इतकी दया आली की मीच मनात टिपा मोजू लागले. नववी टीपही सरळ आली.

"राहू दे तो," मामी म्हणाल्या. मामांचे डोळे भरले, आणि खरं सांगते, माझेही.

दुसऱ्या दिवशी मामांनी सगळं वजन अंगणात उतरवलं आणि परत करायला निघाले. एकानेही घेतलं नाही. लिफ्टवाला घरी नव्हता, म्हणजे तसं त्याने आतूनच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "छे हो, परत कसलं? आपल्या माणसांत असं चालायचंच."

मामी अंगणात आल्या. उभं राहायलाही जागा नव्हती, म्हणून दातांच्या खुर्चीत बसल्या.

"आता हे टनभर सामान कुठे ठेवणार?"

मामांनी ट्रेलर थोपटला. मग म्हणाले, "ट्रेलर आहे की."