हिंगाच्या डबीतला जीपीएस

जगात कुठलीही दोन माणसं एकमेकांशी जोडता येतात असा आमच्या साडूंचा दावा आहे, आणि पुंडलिकनगरपासून पैठणपर्यंतच्या निम्म्या नातेवाइकांनी तो आपापल्या संसारावर सोसलेला आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, निवृत्त झाले, आणि तेव्हापासून त्यांना दोनच उद्योग आहेत: सोयरिकी जमवायच्या आणि वायरी जोडायच्या. दोन्हीकडे नियम एकच. "तोलामोलाचं पायजे, पाव्हणं. मास्तराच्या घरात मास्तरीण, वकिलाच्या घरात वकिलीण." या नियमानं त्यांनी एका अबोल मुलाला हुडकून हुडकून तितकीच अबोल मुलगी बघून दिली. त्या घरात आता दूधवालासुद्धा खुणेनं विचारतो म्हणे. दुसरीकडे दोन अखंड बोलणाऱ्यांची गाठ मारून दिली, ती दोघं एकाच वेळी बोलतात आणि एकमेकांचं काहीही ऐकत नाहीत. साडूंना विचारलं तर दोन्ही संसार उत्तम चाललेत.

विकतची तयार वस्तू हा माणूस घरात येऊ देत नाही. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे पाणी सोडणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं, म्हणून साडूंनी नळाच्या तोंडाशी एक भोंगा बसवला. पाणी आलं की भोंगा वाजणार. झालं काय, पाण्याच्या आधी नळातून फुसफुस हवा येते, ती आली तरी भोंगा ठणाणा करायचा, आणि अख्खी गल्ली बादल्या घेऊन हवेच्या स्वागताला उभी राहायची. शेवटी शेजाऱ्यांनी ताईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, हात जोडले. ताईंनी वायर कात्रीनं कापली आणि त्याच कात्रीनं कोथिंबीर चिरली. साडू यंत्रांशी बोलतातही, आणि मोठ्या अदबीनं. "चला, आता चालू व्हा बरं," असं ते सर्किटच्या बोर्डाला आर्जवानं म्हणतात. बोर्ड चालला नाही की अहोचं अरे होतं, आणि त्यानंतरची भाषा मला इथं लिहिता येणार नाही.

तर या माणसानं जीपीएस करायला घेतला तेव्हा आम्ही सगळे हसलो. कारण कळल्यावर हसणं बंद झालं. साडूंचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, गावी देवगाव रंगारीला असतात. दादांनी शेत सांभाळलं म्हणून धाकटा शहरात शिकला. अलीकडं दादा विसरायला लागले होते. आधी नावं विसरली, मग जेवलो का नाही ते, आणि एके दिवशी शेतातून घरी यायची वाटच विसरले. दिवसभर शोधाशोध झाली. पार कन्नडच्या रस्त्यावर सापडले, अनवाणी, आणि ज्यानं मोटारसायकलवर घरी आणून सोडलं त्याला म्हणाले, तुमचं गाव चांगलं आहे. साडूंनी हे मला सांगितलं ते माझ्याकडं न बघता. असलं यंत्र बाजारात तयार मिळतं, असं मी म्हणालो. ते भडकलेच. "ते गाड्यांना लावत्यात, चोरीला जाऊ नाय म्हणून. माझा भाऊ काय गाडी हाय?"

मग जेवणाच्या टेबलावर मांडामांड झाली. एक जीपीएस, तो आभाळातल्या उपग्रहांचं ऐकून आपण कुठं आहोत ते सांगणार. एक छोटा बोर्ड, तो ते ऐकून मोबाइलवर कळवणार. दोघांच्या अंगावर दोन दोन पिना: टीएक्स ही बोलायची आणि आरएक्स ही ऐकायची. साडूंनी वायरी जोडल्या, वीज दिली, दिवा लागला, आणि लॅपटॉपचा पडदा कोराच्या कोरा. त्यांनी बोर्ड बदलला. वायरी बदलल्या. सोल्डरिंगच्या तापल्या सळईनं पुन्हा डाग दिले. माझा लॅपटॉप मागून नेला, तो अजून परत आलेला नाही. बोर्डाला अहो म्हणून झालं, अरे म्हणून झालं, पण जीपीएस काही तोंड उघडेना. ताईंनी स्वयंपाकघरात जमिनीवर पंगत मांडायला सुरुवात केली, कारण टेबल मोकळं व्हायची आशा त्यांनी सोडली होती. आणि तिकडं गावी वहिनी, म्हणजे दादांची बायको, बाहेरच्या दाराला कडी लावून आत बसायला लागल्या होत्या. दादा दार धडधडवायचे. ते साडूंना सहन होत नव्हतं.

एका दुपारी मी तिथं बसलेलो असताना साडूंनी दादांना फोन लावला. पलीकडून नुसती खरखर. "दादा, मी बोलतोय. ऐकू येतंय का?" खरखर. साडूंचा आवाज चढत चढत गल्लीपर्यंत गेला. तेवढ्यात लांबून वहिनी ऐकू आल्या, "अवो, उलटा धरलाय तुम्ही. बोलायचं तिथं कान लावलाय अन् ऐकायचं तिथं तोंड. द्या इकडं." फोन सुलटा झाला आणि दादा एकदम स्वच्छ म्हणाले, "कोण?" साडूंनी फोन कानावरून खाली घेतला. मला वाटलं, त्या 'कोण'नं त्यांना लागलं. लागलंच होतं. पण ते टेबलाकडंही टक लावून बघत होते. फोन ठेवला आणि हळूच म्हणाले, "पाव्हणं, मी लई गाढव माणूस हाय. बोलणाऱ्याला बोलणाऱ्याशी बांधलं अन् ऐकणाऱ्याला ऐकणाऱ्याशी. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला नको का लागाया?" टीएक्सला टीएक्स, आरएक्सला आरएक्स! इतके दिवस तोलामोलाची सोयरीक जमवून बसला होता हा माणूस. ताई आतूनच म्हणाल्या, "ते अबोल जोडपं आठवा आता."

वायरींची अदलाबदल झाली आणि पडद्यावर धो धो अक्षरं यायला लागली. त्यातलं एक वाचता येईल तर शपथ. नुसत्या चौकोनी खिडक्या आणि प्रश्नचिन्हं. "बोलतोय तं खरं, पर काय बोलतोय?" साडू म्हणाले. हे कोडं मात्र त्यांनी लगेच सोडवलं. जीपीएस आपला सावकाश बोलत होता आणि यांनी बोर्डाला घाईघाईनं ऐकायला बसवलं होतं. दोघांचा वेग एक केला, आकडे उमटले. मग ते सगळं सामान ताटात घालून, वाणाचं ताट न्यावं तसं आम्ही गच्चीवर नेलं, कारण जीपीएसला उघडं आभाळ लागतं. तिथं त्यानं जागा बरोबर सांगितली, पण वेळ साडेपाच तास मागं. भर दहाच्या उन्हात हा पहाटेचे साडेचार सांगतोय. तो परदेशातली वेळ सांगतो, आपली आपण करून घ्यायची असते, हे मी समजावलं. "असू द्या. दादाच्या घड्याळात तरी कुठं आजची वेळ हाय," साडू म्हणाले आणि डबी शोधायला खाली गेले. पत्र्याच्या डबीत जीपीएसला काही ऐकू येईना, म्हणून सगळा संसार हिंगाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डबीत बसवला. ताईंनी ती धुऊन धुऊन दिली, तरी वास जाईल तर तो हिंग कसला. गावी नेऊन दादांच्या बंडीच्या आतल्या खिशात ती ठेवली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बरं झालं. मशीन बंद पडलं तर माणूस वासावर तरी सापडंल."

दाराची कडी निघाली. साडूंच्या मोबाइलवर, आणि त्यांच्या आग्रहानं माझ्याही, एक लाल ठिपका देवगावात फिरायला लागला. घर, शेत, पारावर थोडं, परत घर. मग एका शनिवारी दुपारी तो स्टँडवर जाऊन थांबला आणि हलेना. साडूंनी घाबरून वहिनींना फोन केला. वहिनी म्हणाल्या, "शनिवार हाय ना. धाकटा येणार म्हणं औरंगाबादहून, शाळेतून. त्याची पिशवी घ्याया गेलेत." साडू ज्या शाळेतून दर शनिवारी गावी जायचे, ती सुटून त्यांना आता पन्नासेक वर्षं झाली असतील. त्यांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसत बसले.

आता हा माणूस दर शनिवारी घरची मोटारसायकल सोडून एसटीनं गावी जातो, खांद्याला पिशवी लावून. मीही एकदा बरोबर गेलो होतो. गाडीतून उतरल्याबरोबर दादा पुढं आले, हिंगाचा वास आला, आणि त्यांनी साडूंच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली. पोट सुटलेल्या, टक्कल पडलेल्या आमच्या साडूंना खालीवर बघत म्हणाले, "लई वाळलास रं. खानावळीत पोटभर वाढत नाय का?" साडू म्हणाले, "नाय ना दादा." मला दादांनी ओळखलं नाही, पण जेवायला चला म्हणाले.

शनिवारी दुपारी मी आता मोबाइल उघडून बसतो. बायको विचारते, काय बघताय. ठिपका स्टँडवर थांबलेला असतो. एसटी आली की थोड्या वेळानं तो निघतो आणि अगदी सावकाश घराकडं जातो. ठिपका एकच दिसतो, पण ते दोघं असतात.