छत्री फिरली तो रविवार

नातवंडांनो, आमच्या गच्चीवर इंटरनेटची छत्री बसवली ती तुमच्यासाठी. साताऱ्याहून डोंगरात चढत जाणाऱ्या रस्त्याच्या अगदी शेवटी आमचं गाव. इथवर केबल येत नाही आणि मोबाईलची रेंजही मोजूनमापूनच. गोठ्यामागच्या बांधावर उभं राहिलं तर फोनवर आवाज येतो, चित्र येत नाही. मी नोकरीची सगळी वर्षं सांगलीत इंग्रजी शिकवत काढली. तिथे असताना तुम्हाला रोज फोनवर पाहायची सवय लागली होती, ती इथे आल्यावर सुटेना. म्हणून तुमच्या बाबांनी थेट उपग्रहाशी बोलणारी ही सोय करून दिली: गच्चीवर खांबावर छत्री, खाली बैठकीच्या खोलीत मोडेम आणि त्यावर हिरव्या दिव्यांची रांग.

सगळे दिवे स्थिर असले की तुम्ही दिसता. एखादा लुकलुकायला लागला की मी कामाला लागते. आधी मोडेम बंद करायचा, वायरींची टोकं पिळून घट्ट करायची, थोडं थांबायचं, मग चालू करायचा. तोवर घरात कुणी बोललेलं मला खपत नाही. आजोबा याला ‘आजीची आरती’ म्हणतात आणि लांब जाऊन बसतात.

पण मागच्या वर्षी नवरात्राच्या आधीच्या रविवारी तो मोडेम तुमच्यासाठी नको होता. तो हवा होता शेजारच्या घरातल्या तुमच्या चुलत आजीला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला.

तिचा मुलगा, तुमचा फौजेतला काका, तिकडे उत्तरेला डोंगरात रस्त्याच्या कामावर असताना पायावर दगड कोसळून जखमी झाला होता. ऑपरेशन झालं, तो लष्कराच्या दवाखान्यात होता. बांधावर उभं राहून ती त्याच्याशी बोलायची. तो म्हणायचा, “मी बरा हाय, चालतोय की.” ती फोन ठेवायची आणि माझ्याकडे यायची.

“आक्का, चालतोय म्हनतोय.”

“मग बरं झालं की गं.”

“आवाज काय, खाटंवर पडूनबी काढता येतो. पाय हाय का न्हाई, ते मला डोळ्यानं बघायचंय.”

धाकटे दीर जाऊन काही वर्षं झाली होती. हा एकुलता एक मुलगा. तिची खात्री झाली होती की पाय कापलाय आणि सगळे मिळून तिच्यापासून लपवताहेत. सगळ्यांत मीही होते. “तुमाला ठावं असंल,” असं ती एकदा म्हणाली आणि नंतर माझ्याकडे बघेना. मला काही ठाऊक नव्हतं.

त्याच्या स्वतःच्या फोनचा त्या दगडाखाली चुरा झाला होता; बोलायचा तो दवाखान्याच्या फोनवरून, त्यात चित्र नव्हतं. शेवटी वॉर्डातल्या एका सोबत्याने आपला फोन द्यायचं कबूल केलं. रविवारी दुपारी चार ते पाच या वेळात. सोमवारी त्या सोबत्याला घरी सोडणार होते, त्यामुळे पुन्हा कधी जमेल ते सांगता येत नव्हतं. काकाने निरोप दिला, “आक्कांच्या टॅबवर करतो, आईला बसवून ठेवा.”

तो आठवडाभर तिने हात म्हणून रिकामा ठेवला नाही. आमच्या भागात घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढतात, त्याला ‘दसरा काढणं’ म्हणतात. एरवी दोन-तीन दिवसांचं काम. या वेळी तिने ट्रंकेतल्या, माळ्यावरच्या, कुणी न वापरलेल्या गोधड्यासुद्धा ओढ्यावर नेऊन आपटल्या. तिचं घर कौलारू, म्हणून वाळवण दरवर्षी आमच्या गच्चीवर. जिन्यावरून ओल्या गोधड्यांचं पाणी ठिबकत होतं. मी पाहत होते, पण काही बोलले नाही. कामात असली की ती निदान रडत नव्हती.

रविवारी जेवणं झाल्यावर मी टॅब पुसून मोडेमशेजारी ठेवला आणि पाहते तर एक दिवा लुकलुकतोय. उपग्रहाकडून काही येतंय का ते दाखवणारा नेमका तोच दिवा.

मी आरती केली. बंद, घट्ट, थांबा, चालू. दिवा लुकलुकत राहिला. पुन्हा केली. आजोबा लांब जायचं सोडून जवळ आले, तेव्हाच मला कळलं की माझा चेहरा उतरलेला असणार.

“एसटीने साताऱ्याला नेऊ का तिला?” ते म्हणाले.

“गेली दुपारची.”

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर आजोबांनी गाडी चालवणं सोडलंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी फोन घेऊन बांधावर गेले आणि कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. आजोबा खिडकीत उभे राहून मोडेमचे दिवे मला ओरडून सांगत होते. पलीकडची मुलगी गोड होती. तिने मी केलेलं सगळं पुन्हा करायला लावलं; मी बांधावरून खुणा केल्या, आजोबांनी तसं केलं.

“मॅम, डिशला कुणी हात लावलाय का? माकडं वगैरे?”

“कुणीही नाही,” मी ठामपणे सांगितलं. “आमच्या छत्रीच्या वाटेला कुणी जात नाही.”

“मग आमचा माणूस पाठवते. परवापर्यंत येईल.”

मी अंगणात परत आले. माझी जाऊ जिना चढत होती. चांगलं लुगडं नेसलेली, केस बसवलेले, कपाळाला ठसठशीत कुंकवाऐवजी आता लावते ती बारीक टिकली. अजून तिला काही सांगितलं नव्हतं.

“चार वाजायला येळ हाय न्हवं? तवर गोधड्या उलटून येते. खालची बाजू वलीच हाय.”

माझ्या मनात काहीतरी हललं. “दोरी कुठं बांधलीस गं?”

“टाकीपासनं त्या छत्रीच्या खांबाला. यंदा गोधड्या लय झाल्या, ती नेहमीची दोरी पुरंना.” मग जरा अभिमानाने, “चांगला घट्ट खांब हाय. एवढं वजन टाकलं तरी हालला न्हाई.”

खांब हलला नव्हताच. आम्ही वर गेलो तर दोरी खांबाला नव्हे, खांबाच्या डोक्यावर, छत्रीच्या मानेला बांधलेली. भिजलेली गोधडी एका बाईला उचलत नाही, आणि तिथे तशा गोधड्यांची रांग लोंबत होती. छत्रीने मान वळवून टाकीकडे पाहायला सुरुवात केली होती.

मी तिला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ती तोंडावर पदर धरून मटकन खाली बसली.

“म्याच केलं व्हय? माझ्याच हातानं?”

“उठ,” मी म्हणाले. “रडायला नंतर वेळ आहे. आधी गोधड्या काढ.”

आजोबा पाना घेऊन वर आले. दोरी सुटली, पण छत्री आपोआप जागेवर जाईना. ती हाताने फिरवावी लागणार होती, अगदी केसाकेसाने. खाली मोडेमला टॅब जोडला की छत्रीला किती ऐकू येतंय त्याचा आकडा दिसतो, इंटरनेट नसलं तरी दिसतो. म्हणजे आजोबांनी वर छत्री फिरवायची, मी खाली आकडा वाचायचा. अडचण अशी की माझा आवाज गच्चीवर पोहोचत नाही आणि आजोबा कानाचं यंत्र घालत नाहीत. मध्ये जिन्यावर कुणीतरी हवं होतं.

आता तुम्हाला एक सांगायला हवं. लग्न होऊन आल्यापासून माझी जाऊ तुमच्या आजोबांशी कधी थेट बोललेली नाही. थोरल्या दिरापुढे धाकट्या भावाच्या बायकोने तोंड उघडायचं नाही, अशी इथली रीत. ते समोर आले की हिचा पदर डोक्यावर. काही सांगायचंच असेल तर ती ते मला सांगते, मी नसले तर मांजराला सांगते आणि आजोबा ऐकून घेतात. मी या रीतीवर पुष्कळ बोलले, तिने पुष्कळ ऐकून घेतलं, बदललं काही नाही.

ती जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहिली. मी खिडकीतून आकडा सांगितला, “शून्य! उजवीकडे फिरवायला सांग!”

मग तिचा आवाज आला, बारीक, भिंतीकडे तोंड करून, “उजवीकडं फिरवायचं म्हनत्यात.”

“काय?” वरून आजोबा.

“कुनीतरी उजवीकडं फिरवावं म्हनत्यात.”

“कोण म्हणतंय? काय म्हणतंय?”

घड्याळात चार वाजून गेले होते. टॅबवर अजून शून्यच. माझ्या डोळ्यांसमोर तुमचा काका, सोबत्याचा फोन हातात घेऊन बसलेला, दिसायला लागला.

“मोठ्याने सांग गं!” मी ओरडले.

“सांगतीया की! ऐकायला तर यायला पायजे कुनाला!”

“उजवीकडे का डावीकडे?” वरून.

“उजवीकडं! उजवा हात ठाव न्हाई व्हय!” आणि लगेच, घाबरून, “…असं आक्का म्हनत्यात.”

मी तसं काही म्हटलेलं नव्हतं. पण वरून छत्री करकरली आणि टॅबवर शून्याचा दोन झाला. मग पाच. मग पुन्हा शून्य.

“गेलं! पुढे गेलं! मागे आणायला सांग, थोडंसंच!”

आणि मग जिन्यावरून जो आवाज आला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ओढ्यापलीकडे शेतात हाक मारावी तसा.

“आवं भावजी! मागं या! हळू! हळू की! हां… हां… आता हालू नका! श्वासबी घेऊ नका!”

आकडा चढत गेला. लुकलुकणारा दिवा थांबला, स्थिर झाला, त्याच्यामागून बाकीचे एकेक लागले.

“आता नट पिळा!” मी म्हणाले, तिने ओरडून सांगितलं. पण नट पिळायला गेलं की मान जराशी कलायची आणि आकडा पडायचा. दोनदा तसं झालं. शेवटी आजोबा म्हणाले, “नट राहू दे. मी मागून धरून उभा राहतो. तुम्ही बोलून घ्या.”

ती धावत खाली आली. पदर खांद्यावर होता, तो सावरायचं तिला सुचलं नाही. टॅबवर घंटी वाजली तेव्हा साडेचार होऊन गेले होते.

“आई! कवाधरनं लावतोय. दिसतोय का?”

“तू दिसतोस. पाय दिसंना.”

“आधी तोंड तरी बघ की.”

“बघितलं. दाढी कर. पाय दाव.”

तो हसला. सोबत्याच्या हातात फोन देऊन उठला. काठी टेकत खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. दोन पाय होते, दोन्ही जमिनीला टेकत होते. मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तिचा श्वास मोकळा होईल. ती तशीच टॅबवर वाकलेली.

“मोजा काढ.”

“आई, थंडी हाय हितं.”

“काढ म्हनलं न्हवं?”

तो पलंगाच्या कडेवर बसला. मोजा काढायला त्याला बराच वेळ लागला. फोन धरणाऱ्या सोबत्याने तो खाली नेला. पाऊल सुजलेलं होतं आणि कडेची दोन बोटं नव्हती.

टॅबवरचं ते पाऊल हलेना. मला भीती वाटली की चित्रच थांबलंय, म्हणून मी दिव्यांकडे पाहिलं. दिवे स्थिर होते.

“सांगनार हुतो,” तो म्हणाला. “आल्यावर.”

“आल्यावर मला दिसलं नसतं व्हय?”

“तू रडशील म्हनून…”

“मी पाक पायच गेला समजून रडतीया इतके दिस. दोन बोटांचं सांगितलं असतंस तर एवढं तरी रडले असते का?” ती टॅबवर आणखी वाकली. “दुखतंय?”

“रातीचं दुखतं जरा.”

“उशी घे खाली.” मग पुन्हा, “चाल एकदा. काठी ठेव आन चाल.”

“डॉक्टर वरडंल.”

“मी हाय की हितं डॉक्टरला बघायला. चाल.”

तो उठला. काठी पलंगाला टेकवून ठेवली. एकेक पाऊल जपून टाकत खिडकीपाशी गेला, वळला, आणि हात हलके पसरून, तोल सांभाळत आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. “बघ,” असं काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तिथेच चित्र गोठलं.

वरून आजोबा ओरडले, “हात भरून आला गं! दिसतंय का अजून?”

माझा हात सवयीने मोडेमकडे गेला. बंद, घट्ट, थांबा, चालू. तिने माझं मनगट धरलं.

“राहू द्या, आक्का. हुबा हाय न्हवं तो.”

थोड्या वेळाने हे चित्र आपोआप जाणार हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. तुम्ही शिकवलं होतंत तशी टॅबची दोन्ही बटणं एकदम दाबून मी ते टिपून घेतलं. मग तिच्यासमोर पूर्ण पडदाभर उघडून ठेवलं.

ती दारापर्यंत गेली आणि वर पाहून म्हणाली, “भावजी, सोडा आता हात. या खाली.” पदर घेतला नाही, मांजरही शोधलं नाही. आजोबा हात चोळत खाली आले आणि दाराबाहेरच थांबले. मी चहा टाकायला उठले नाही. ती मांडी घालून टॅबसमोर बसली होती, आधी त्याच्या चेहऱ्याकडे, मग खाली त्याच्या पावलांकडे पाहत. पडदा काळा पडायला लागला की मी बोट टेकवत होते.