आईकडे पुरावा मागणारी गर्दी

ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे, आणि खरं सांगायचं तर अजून रागही येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचा राग निवृत्तीबरोबर ओसरला. हा मात्र ओसरला नाही. यातल्या कुणाचंही खरं नाव मी इथे घेणार नाही, कारण त्या बाईंना आणि त्यांच्या मुलीला याच शहरात राहायचं आहे.

तेव्हा भोपाळच्या एका कडेच्या थान्याचा, म्हणजे पोलीस ठाण्याचा, मी प्रभारी होतो. आमच्या हद्दीत शहराबाहेर एक मोठं उद्यान होतं. टेकडीचा उतार, झाडी, खाली तळं आणि फाटकाजवळ मुलांसाठी झुले आणि छोटी रेलगाडी. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसे. एका रविवारी दुपारी कंट्रोल रूमवरून निरोप आला : उद्यानात एक बाई एका मुलीला ओढून नेत होती, लोकांनी धरून ठेवलंय, बच्चाचोर आहे.

त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाईलवरून घराघरांत पोचली होती. आमच्या हद्दीतून एकही मूल पळवलं गेलेलं नव्हतं. तसं आम्ही लाउडस्पीकरवरून सांगितलंही होतं. पण पोलिसांच्या सांगण्यापेक्षा मेव्हण्याने पाठवलेल्या व्हिडिओवर लोकांचा विश्वास जास्त. महिला उपनिरीक्षक आणि चार शिपाई घेऊन मी निघालो.

झुल्यांपासून थोड्या अंतरावर गर्दीचं कडं झालं होतं. आत एक पस्तिशीच्या बाई जमिनीवर पडल्या होत्या. कुर्ता खांद्यावर फाटलेला, ओठ फुटलेला, डावं मनगट सुजून वाकडं झालेलं. भोवती कोण होतं? गुंड नव्हते. बायकामुलांना घेऊन सहलीला आलेले लोक होते. कुणाच्या हातात भेळ होती. निम्म्यांच्या हातात मोबाईल होते आणि ते चालू होते.

"बच्ची कहाँ है?" मी विचारलं.

"भाग गई साहब, हमने छुड़वा दिया," एक जण अभिमानाने म्हणाला.

कुठे पळाली, हे मात्र एकालाही सांगता येईना. मूल वाचवायला धावलेल्या एवढ्या माणसांतून एकानेही त्या मुलीकडे वळून पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात खाली पडलेल्या बाई पुटपुटल्या, "अहो, आधी तिला शोधा. मला मग मारा हवं तर."

मराठी! आमचं घराणं मूळचं नागपूरचं, वडील सरकारी कचेरीबरोबर इकडे आले. घरात मराठी, थान्यात हिंदी, असंच आयुष्य गेलं. मी खाली बसलो आणि म्हणालो, "ताई, मी इथला थानेदार. मुलगी तुमची कोण?"

"माझी मुलगी आहे हो, मनू. अकरा वर्षांची. तिला ऑटिझम आहे, बोलत नाही ती. आम्ही दर रविवारी येतो. आज त्या रेलगाडीचा भोंगा फार मोठ्याने वाजवत होते, ती बिथरली. कान झाकून ओरडायला लागली, डोकं आपटायला लागली. अशा वेळी तिला घट्ट मिठीत धरावं लागतं. ओढणीत गुंडाळून मी बाजूला नेत होते. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं..."

मी शिपायांना सगळीकडे पांगायला सांगितलं. एकाने सवयीने शिट्टी काढली आणि बाई ओरडल्या, "शिट्टी नको! हाका मारू नका. आवाज आला की ती लपून बसते. आणि दिसली तर धरू नका, फक्त मला सांगा."

"कुठे जाईल ती?"

"पाण्याकडे," त्या म्हणाल्या.

उताराखाली तळं होतं. त्याला कठडा नव्हता.

मी गर्दीला हटवलं, रेलगाडी आणि गाणी बंद करायला लावली. अँब्युलन्स येईपर्यंत बाईंना बसून राहा म्हटलं, तर त्या मनगट छातीशी धरून उठल्या आणि चालू लागल्या. आम्ही काठाकाठाने शोधत गेलो. पाण्याच्या कडेला ओल्या मातीत एक लहान चप्पल सापडली. बाईंनी ती उचलली आणि ओळखली. ते काही क्षण मी कसे काढले, ते लिहिता येत नाही. मी दोन पोहणाऱ्या शिपायांना बूट काढायला सांगितलं होतं, तेवढ्यात उपनिरीक्षक बाईंनी लांबून हात हलवला.

तळ्याच्या टोकाला पाणी उपसायची मोटर असलेली एक खोली होती. खोली आणि मागची भिंत यांच्यामधल्या फटीत मुलगी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. आत मोटर एका लयीत घुरघुरत होती. गाल खरचटलेला, एक पाय अनवाणी.

आईने तिला हाक मारली नाही. जवळही गेली नाही. चार हात लांब मातीत बसली, चांगल्या हाताने स्वतःच्या मांडीवर हळूहळू थाप देत राहिली आणि वाट पाहिली. आम्ही सगळे मागे उभे. बऱ्याच वेळाने मुलीने डोकं वर केलं, सरकत सरकत आली आणि आईच्या कुशीत शिरली. दुखऱ्या मनगटावर भार आला असणार. बाईंनी हूं का चूं केलं नाही.

मागे कुणीतरी बोललं. वळून पाहिलं, तर एक पांढऱ्या केसांचे, इस्त्रीच्या कपड्यातले गृहस्थ नातवाचा हात धरून आमच्या मागोमाग आले होते. म्हणाले, "साहब, पक्का इसी की बेटी है? एक बार कागज़ देख लीजिए."

डोळ्यांनी हे सगळं पाहिल्यावर तो माणूस कागद मागत होता! मी विचारलं, "आप अपने पोते को लेकर आए हैं न? उसके कागज़ दिखाइए." ते म्हणाले, "हमने तो अच्छे के लिए ही किया." हे वाक्य त्या आठवड्यात मी इतक्या तोंडांतून ऐकलं की त्याचा मला वीट आला.

बाईंचं मनगट मोडलं होतं. इस्पितळात त्यांचा जबाब घेतला आणि गुन्हा दाखल केला. मारणारे शोधणं कठीण नव्हतं, कारण त्यांनीच आपले पराक्रम मोबाईलवर टिपले होते. मला हवा होता तो पहिला आवाज. गर्दी आपणहून पेटत नाही, कुणीतरी काडी लावतं. जप्त केलेल्या व्हिडिओंतल्या सगळ्यात आधीच्यात गर्दी जमलेलीच नाही. लांबवर बाई मुलीला धरून बाजूला नेताना दिसतात आणि चित्राबाहेरून एक पुरुषी आवाज येतो, "बच्चा चोर! पकड़ो!"

कंट्रोल रूमला फोन करणाऱ्याचा नंबर मिळाला. तो निघाला झुले आणि रेलगाडी चालवणारा ठेकेदार. मी त्याला थान्यात बोलावलं. पन्नाशीचा, मऊ बोलणारा, आल्याआल्या हात जोडणारा. त्याला वाटलं, शाबासकी द्यायला बोलावलंय.

"मैंने तो फ़र्ज़ निभाया, साहब."

"उस औरत को पहले से जानते थे?"

"कभी देखा ही नहीं. रोज़ हज़ारों लोग आते हैं."

मी चहा मागवला. चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. माझा अनुभव असा, की माणसाला सावकाश बोलू द्यावं. खोटं बोलणारा गप्प बसू शकत नाही, तो आपल्या चांगुलपणाची भर घालत जातो. यानेही घातली. मुलगी कशी ओरडत होती, त्याच्या काळजात कसं चर्र झालं, सगळं सांगितलं. आणि म्हणाला, "बेचारी बोल भी नहीं सकती, किससे कहती?"

मी कप खाली ठेवला.

"वह तो चिल्ला रही थी. बोल नहीं सकती, यह आपको किसने बताया?"

तो म्हणाला, लोक म्हणत होते. मी व्हिडिओ लावले. गर्दीत एकही माणूस तसं म्हणत नव्हता. सगळे उलट मुलीला विचारत होते, "बोल, तेरा नाम क्या है, बोल!" बोलता येत नाही हे ठाऊक असतं तर असं विचारलं असतं का?

मी इस्पितळात बाईंना फोन लावला. तो माणूस समोर असतानाच सगळं कळलं. महिन्यापूर्वी त्याने मनूला झुल्याच्या रांगेतून बाहेर काढलं होतं. "ये बोलती नहीं, समझती नहीं, गिर गई तो?" असं म्हणून. बाईंनी उद्यानाच्या कचेरीत तक्रार केली आणि त्याला समज मिळाली होती. हे बाई विसरूनही गेल्या होत्या. तो विसरला नव्हता.

मग तो सरळ बोलला. "बच्चा चोर" ही पहिली आरोळी त्याचीच होती. पश्चात्ताप नव्हता आवाजात, त्रासिकपणा होता. "धंधा ख़राब होता है, साहब. ऐसे बच्चे चीखते हैं तो बाक़ी लोग अपने बच्चों को लेकर हट जाते हैं. सोचा, एक बार डर जाएगी तो दोबारा नहीं आएगी. मारेंगे, ये थोड़े ही सोचा था."

मी त्याला अटक केली. मारणाऱ्यांपैकी जे ओळखू आले त्यांनाही. त्यात एक शिक्षक होता, एक औषधांचा दुकानदार. त्यांच्यासाठी फोन आले, "अच्छे घर के लोग हैं." मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, की मोडलेलं मनगटही चांगल्याच घरचं होतं. साक्ष द्यायला गर्दीतला एकही जण आला नाही. व्हिडिओंवर आणि कंट्रोल रूमच्या नोंदीवर खटला उभा राहिला आणि पुढे यथावकाश ठेकेदाराला शिक्षा झाली. ती त्याच्या करणीच्या मानाने थोडी होती, असं माझं मत आजही आहे.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. खटला चालू व्हायच्या आधीच, त्या दुपारनंतर महिन्याभराने, बाई थान्यात आल्या. हाताला प्लॅस्टर होतं. त्या एका सरकारी कचेरीत काम करत. मनू इतके दिवस दाराबाहेर पडली नव्हती, आता कुठे गॅलरीत येत होती. मला वाटलं, खटल्याचं विचारायला आल्या असतील.

"साहेब, येत्या रविवारी तिला पुन्हा उद्यानात नेतेय. काल एकटीच जाऊन पाहून आले. फाटकावर उद्यानवाल्यांनी बोर्ड लावलाय, अशा मुलांना पूर्वपरवानगी असल्याशिवाय आत सोडणार नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. एका आईला गर्दीने मारलं, आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी बंदी घातली तिच्या मुलीवर!

"मी शिपाई देतो तुमच्याबरोबर," मी म्हणालो.

"पोलीस नकोत, साहेब. पोलीस पाहून लोकांना वाटेल, हिने काहीतरी केलंय. बोर्ड तेवढा काढायला सांगा."

मी तेव्हाच गाडी काढली. उद्यानाचा अधिकारी मला सुरक्षा, जबाबदारी, वरून आलेल्या सूचना असं बरंच समजावत होता. मी म्हटलं, लेखी सूचना दाखवा. ती नव्हती. मग कुठल्या कायद्याने हा बोर्ड लावलात ते लिहून द्या, म्हटलं. तेही त्याला देता येईना. तासाभरात माळ्याने पक्कड आणून बोर्ड उतरवला.

पोलिसात आम्हाला शिकवतात, संशयिताचं वागणं पाहा. त्या प्रकरणानंतर मी माझ्या शिपायांना सांगत आलो, आधी ओरडणाऱ्याकडे पाहा. मूल ओरडतंय म्हणजे गुन्हा घडतोय असं नाही, आणि शंभर माणसं एक बोलतायत म्हणजे ते खरं आहे, असंही नाही. पण हे झालं पोलिसांसाठी. बाकीच्यांना काय सांगावं? एवढंच, की उद्यानात एखादं मूल बिथरलेलं दिसलं तर जरा बाजूला सरा, आवाज कमी करा आणि त्याच्या आईला वाट द्या. तिला तुमची मदत लागली तर ती मागेल.

त्या रविवारी मी साध्या कपड्यात फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो होतो. बाईंना सांगितलं नव्हतं. त्या मुलीचा हात धरून आल्या, खिडकीवर दोन तिकिटं घेतली आणि आत गेल्या. कुणीही त्यांना काही विचारलं नाही.