भिंतीतली सातेरी

ओल्या सिमेंटचा वास आला की मेढ्याजवळचं माहेर आठवतं. तिथल्या दगडमातीच्या भिंतीत सातेरी मधमाश्यांचं पोळं होतं. मिल्ट्रीतून सुट्टीवर आलेल्या थोरल्या भावानं भिंतीला गिलावा केला आणि माश्यांचं भोकही लिंपायला घेतलं. "आरं, जित्त्या हायती त्या! जांभळाला फळ त्यांच्यामुळंच धरतं," आई कळवळली. "पाव्हण्यांना डसल्या म्हंजी?" म्हणत त्यानं थापी फिरवली. काही दिवस भिंत आतून गुणगुणत राहिली, मग गप्प झाली. चैत्रात परसातलं जांभळाचं झाड भरभरून मोहरलं, पण फळ ओंजळभरच धरलं. "झाड म्हातारं झालं," म्हणत त्यानं तेही तोडलं. आता त्याच गुळगुळीत भिंतीवर त्यानं आईचा फोटो लावलाय, हार घालून. माहेरी गेले तरी मी त्या भिंतीला पाठ टेकत नाही.