ऑक्सटर आणि कोपरा गेलेलं कार्ड

माझ्या थोरल्या भावाला इंग्रजी शब्दांचं व्यसन होतं. त्यापेक्षा विड्या परवडल्या, असं आई म्हणायची. दादा पुण्यात एका छापखान्यात प्रूफं तपासायचा आणि उरलेला वेळ शब्दकोड्यांत घालवायचा. कोड्यातले शेवटचे दोन-तीन चौकोन अडले की नेहमीचे शब्द कामाला येत नाहीत, म्हणून त्यानं एका वहीत चमत्कारिक शब्द साठवले होते. 'झो' म्हणजे याक आणि गाय यांचं पोर. 'ऑन' म्हणजे भाताच्या लोंबीवरचं कुसळ. 'झॅक्स' म्हणजे छपराच्या फरश्या तोडायची कुऱ्हाड. असलं कोण बोलतं, देव जाणे!

लग्न होऊन मी मुळशीत आले आणि आमचा खेळ पोस्टकार्डावर चालू झाला. तो शब्द पाठवायचा, मी डोकं खाजवून अर्थ कळवायचे. चुकले की पुढच्या कार्डात माझा उद्धार ठरलेला. चुकीचा अर्थ त्याला सहनच व्हायचा नाही. सासूबाई विचारायच्या, "तुजा भाऊ खुशाली सोडून हे काय लिवतोय गं?" काय सांगणार कपाळ!

मग दादाला क्षय निघाला. दवाखान्यात पडला आणि कार्डं बंद झाली. आमचे हे त्याला भेटून आले, ते म्हणाले, बरगड्या काढायचं ऑपरेशन मंगळवारी आहे. त्यातून उठेलच असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. मंगळवार गेला, बुधवार-गुरुवार गेले. कार्ड नाही.

शनिवारी मी माळावर कापलेलं गवत वाळत घालत होते. शेजारची जाऊबाई पळत आली. "आदी घरला चल," एवढंच म्हणाली. अंगणात बायका जमल्या होत्या. कुंपणाच्या काटक्यांत एक कार्ड खोचलेलं होतं आणि त्याचा कोपरा नव्हता.

आमच्याकडे मयताचं कार्ड कोपरा फाडून पाठवायची रीत. ते उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. बाहेरच वाचायचं, फाडायचं आणि अंघोळ करायची. बाहेरच्या चुलीवर पाणीसुद्धा चढलं होतं. मजकूर सगळा इंग्रजीत, आणि गावात इंग्रजी पाचवी झालेली मी एकटी, म्हणून सगळे माझ्यासाठी थांबले होते. मी लांबूनच पत्ता पाहिला. अक्षर दादाचं नव्हतं.

"वाच, माजे बाय," एक म्हातारी म्हणाली. "कवातरी वाचावंच लागनार."

"नाही वाचत जा!" मी ओरडले. "कुणी हात लावायचा नाही त्याला!" मोठ्यांसमोर असा आवाज मी कधी चढवला नव्हता. पण वाचेपर्यंत तरी माझा दादा जिवंत होता.

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण त्या उठल्या, कार्ड काढलं आणि डोळ्यांजवळ धरलं. "आगं, हे फाडल्यालं न्हाई! हे चावल्यालं हाय!" कडेला दातांच्या खुणा, त्यात ओली लाळ. मग उलगडा झाला. घरात कुणी नाही बघून पोस्टमननं कार्ड गोठ्याच्या कठड्यावर ठेवलं होतं. वासरानं कोपरा खाल्ला आणि खाली पडलेलं ते जाऊबाईनं घाबरून कुंपणात खोचलं.

पण अक्षर? मी कार्ड घेऊन वाचलं. 'ऑपरेशन झालं. हात उचलत नाही, म्हणून नर्सबाईंकडून लिहून घेतोय. त्यांना मराठी येत नाही. शब्द: ऑक्सटर. अर्थ कळव. खूण: सध्या माझी हाताखालची तीच ठणकतेय.'

मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

"काय लिवलंय? बोल की!" सासूबाई.

"दादाची काख दुखतेय, आत्याबाई!"

"दुकू दे! लई दुकू दे!" म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग चुलीवरच्या पाण्याकडे बघून म्हणाल्या, "तापलंच हाय, तर डोकं धू. गवतानं भरलंय."

दुपारीच उत्तर लिहायला बसले. अर्थ तर त्यानं ताटात वाढून दिला होता. 'काख' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. पण मनात आलं, बरोबर लिहिलं तर हा गुण देईल आणि पडून राहील गुपचूप. नर्सबाईंच्या हातचं किती दिवस वाचायचं मी? मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'ऑक्सटर म्हणजे बैल हाकणारा.'

आठव्या दिवशी कार्ड आलं. पत्ता दादाच्या हातचा! अक्षरं एकमेकांवर पडलेली, ओळ उतारावरून घसरलेली. 'बैल हाकणारा? अगं मूर्ख मुली, काख! काख! काख!'

पहिली 'काख' वाचता येत नव्हती. तिसरी अगदी सरळ होती.