लछूशेठच्या दुकानासमोर झालेली माझी तोंडी परीक्षा

अंगावर खाकी आणि बगलेत प्रोजेक्टची फाईल... अशा थाटात मी उल्हासनगरच्या एका कॉलेजच्या व्हरांड्यात उभी होते. नव्वदीची सुरुवात होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा, आणि दुपारी बंदोबस्ताला हजर व्हायचं म्हणून युनिफॉर्मवरच आलेली. आजूबाजूची पोरं मला बघून उगाचच सरळ उभी राहत होती.

मी तेव्हा साधी कॉन्स्टेबल. राहायला अंबरनाथ पूर्वेला, आईबाबांकडे. फौजदाराच्या परीक्षेला बसायचं तर ग्रॅज्युएट असणं भाग होतं आणि माझी वयाची मर्यादा पुढच्याच वर्षी संपत होती. म्हणजे यंदा नापास झाले, तर बसा आयुष्यभर दुसऱ्याला सॅल्यूट ठोकत.

पेपर होता गुन्हेगारी आणि सार्वजनिक सुरक्षिततेचा. मला वाटलं, हे तर आपलं रोजचंच... डोळे झाकून पास! तिथेच माती खाल्ली.

प्रोजेक्टसाठी मी आमच्याच बीटमधली साड्यांची गल्ली घेतली. लग्नसराईत तिथे बायकांच्या गळ्यातल्या चेनी जायच्या, आणि त्याही नेमक्या एकाच वळणावर. चार महिने ड्युटी सुटली की मी तिथे जाऊन उभी राहायची. बघायची, टिपून घ्यायची.

मग लिहायला बसले आणि हाताला जी सवय तेच उतरलं की हो! 'उत्तरेस लछूशेठ यांचे साडीचे दुकान, दक्षिणेस उघडे गटार...' अख्खा पंचनामा! एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण शेवटी सवयीने दोन पंचही घेतले. लछूशेठची सही, आणि कोपऱ्यावर कोथिंबीर-मिरच्या विकणाऱ्या शिरगावच्या पारूमावशीचा अंगठा.

आमच्या गाइड मॅडमनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, आरोपी कुठेय यातला?" सगळा वर्ग खो खो हसला. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, काय सांगू.

मग लायब्ररीतून चार जाडजूड पुस्तकं आणली आणि इथला तुकडा, तिथला तुकडा जोडून नवा प्रोजेक्ट लिहिला. 'नागरीकरणाच्या प्रक्रियेत सामाजिक नियंत्रणाचा ऱ्हास' वगैरे. मला स्वतःला एक ओळ कळत नव्हती, पण दिसायला भारदस्त... मॅडम खूश.

तर हा भारदस्त प्रोजेक्ट बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी उघडला. वयस्कर, शांत गृहस्थ. शेजारच्या खुर्चीत आमच्या गाइड मॅडम. चार पानं चाळून म्हणाले, "बाई, हे सगळं मी वाचलंय. दुसऱ्यांच्या पुस्तकांत. यावर पास नाही करू शकत तुम्हाला."

खोटं कशाला बोलू, घाबरले मी. चोराच्या मागे धावताना कधी घाबरले नव्हते. पण पाठोपाठ रागही आला... नापास तर नापास, पण चार महिने उन्हात उभी राहिलेय ते कुणीतरी बघू दे की! जुना पंचनामा टाकून द्यायला मन झालं नव्हतं, पिशवीतच होता. काढला आणि ठेवला त्यांच्यासमोर.

सर वाचत गेले. वाचता वाचता पुढे सरकून बसले. मग चष्मा काढून विचारलं, "पण चेनी त्याच वळणावर का जातात?" मी म्हटलं, "सर, सांगून नाही कळायचं. गल्ली पाच मिनिटांवर आहे, चला." परीक्षकाला! आजही आठवलं की जीभ चावते मी.

पण ते उठलेच! पुढे सर, त्यांच्या मागे मॅडम आणि सगळ्यात मागे मी खाकीत... बाजाराला वाटलं, दोघांना पकडून नेतेय. लछूशेठ दुकान सोडून धावत आले. "अरे मॅडम, क्या किया इन्होंने?"

शेठच्या दुकानाबाहेर, अगदी त्या वळणावर, बांबूवर साड्या उंच टांगलेल्या असायच्या. मी सरांच्या शेजारी उभी राहिले आणि सहज विचारलं, "सर, ती सगळ्यात वरची मोरपंखी केवढ्याला असेल हो?" सरांनी मान वर केली. मॅडमनीही केली. मान खाली आली तेव्हा सरांच्या खिशातलं पेन माझ्या हातात होतं!

"बायका अशाच वर बघत राहतात, सर. हात पिशव्यांत अडकलेले, गळा उघडा. चोराला आणखी काय पाहिजे?"

सरांनी आपला रिकामा खिसा चाचपला. मग असे मोठ्याने हसले की पारूमावशी टोपली सोडून बघायला आली. "आणा ते पेन इकडे," म्हणाले, "मार्क लिहायचेत." आणि मॅडमना तिथेच सांगितलं, की पुस्तकी फाईल परत द्या आणि हा पंचनामा जमा करून घ्या.

मी भर बाजारात रडले, युनिफॉर्मवर. खाकीत रडायचं नसतं म्हणतात... म्हणू देत!

शेठनी दुसऱ्याच दिवशी साड्या खाली घेतल्या. निकाल लागला, त्या पेपरात मी कॉलेजात पहिली! पेढे घेऊन गेले तर शेठ म्हणाले, "पंच को मिठाई? ये तो रिश्वत हो गया!" आणि दोन उचलले. पारूमावशीने तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगितलं, "आमची पोलीसबाई पास झाली गं, आज कोथिंबीर फुकट!" त्यानंतरच्या वर्षी मी फौजदारही झाले.

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, शिकलेल्या माणसांना काहीतरी वेगळंच कळतं आणि आपण नुसते रस्त्यावर उभे राहतो. एक माणूस खुर्ची सोडून मी काय पाहिलंय ते बघायला आला... बस, एवढंच. पण त्यानंतर मला माझ्या कामाची कधी लाज वाटली नाही. सर, जिथे असाल तिथे, या पोरीचा एक कडक सॅल्यूट.