टॉवेलाखालची करंगळी

“डाक्टरसाहेब, एखादा टावेल द्या की,” नामदेवराव म्हणाले. त्यांच्या हाताची ताकद तपासून मी केसपेपरवर नुकतंच ‘सगळं उत्तम’ लिहिलं होतं.

नामदेवराव घोडेगावच्या बैलबाजारातले दलाल. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नगरच्या एका इस्पितळात मणक्याची ऑपरेशनं करत असे. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांच्या मानेच्या बुडाशी, कण्याच्या आतून, बोराएवढी गाठ काढली होती. कॅन्सरची नव्हे, साधी. पण ती एका नसेला चिकटली होती, आणि करंगळीची ताकद त्याच नसेतून येते. ओढलं असतं तर नस तुटली असती. म्हणून गाठीच्या सालीचा नखाएवढा तुकडा मी आत तसाच ठेवला. वर, “परत येणार नाही,” असं छातीठोकपणे सांगूनही टाकलं. तेव्हा मी चाळिशीच्या आत होतो आणि स्वतःवर बेहद्द खूश होतो.

आता ते म्हणत होते, करंगळी दगा देते.

“मूठ आवळा.” आवळली, चांगली घट्ट. “बोटं मिटा. उघडा.” तेही झालं. “अहो, करंगळी हलतेय की! मला दिसतेय ना.”

“तुमाला दिसतीय हो. पर बाबूभाईला लागत न्हाई.”

बाबूभाई म्हणजे त्यांच्यासोबत आलेले दुसरे दलाल, बाजारातले त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी. बैलाचा भाव चारचौघांत बोलायचा नाही, अशी तिथली रीत. दोघांच्या हातांवर कापड टाकायचं. समोरच्याच्या तळहातावर जितकी बोटं दाबाल तितका आकडा. गेल्या बाजाराला नामदेवरावांनी चार बोटं दाबली, बाबूभाईंना तीनच कळली. तिथेच दोघांची जुंपली.

“पंधरा वर्सं याचा हात धरतोय,” बाबूभाई मला म्हणाले. “मानूस लई लबाड हाय, पर बोटं लबाड न्हाईत. म्हून म्हनलं, चल डाक्टरकडं.”

टॉवेल आला. नामदेवराव आतून दाबत होते, बाबूभाई मोठ्याने आकडा सांगत होते. दोन, बरोबर. तीन, बरोबर. चारला मात्र बाबूभाई “तीन” म्हणाले. पुन्हा चार. पुन्हा “तीनच.” मग मी हात घातला. तीन बोटं चांगली रुतली. चौथं माशी बसावी तसं नुसतं टेकलं होतं. उघड्या हातावर शेजारचं बोट करंगळीला सोबत ओढून नेत होतं आणि मी शाबासकी करंगळीला देत होतो. मला मनापासून लाज वाटली.

एम.आर.आय. तेव्हा नव्हता. मायलोग्राम करायचा, म्हणजे कण्यात औषध सोडायचं, पेशंटला टेबलाला बांधून डोकं खाली करायचं आणि औषध कुठे अडतं ते एक्स-रेवर बघायचं. “बकऱ्यागत उलटं टांगलं की मला!” नामदेवराव खेकसले. औषध जुन्याच जागी अडलं. गाठ परत आली होती.

मी सगळं खरं सांगितलं, ठेवलेल्या तुकड्यासकट. “काढली नाही तर ती वाढून मज्जारज्जू दाबेल आणि पाय जातील. काढताना नस तुटली तर करंगळी कायमची जाईल.”

“म्हंजी धंदा गेला.” त्यांनी दुसऱ्या हाताने करंगळी दाबून बघितली. मग म्हणाले, “पायाबिगर बाजारात जाता येत न्हाई. काढा. पर आता ‘परत येनार न्हाई’ असं म्हनू नका.”

मी म्हटलं नाही.

पहिल्या ऑपरेशनात आतले थर सुटे असतात. दुसऱ्या खेपेला जुन्या जखमेच्या व्रणाने सगळं एकमेकांना चिकटवलेलं असतं. व्रण कुठला आणि नस कुठली, तेच कळत नाही. डोळ्यांवर भिंग लावून कणाकणाने सोडवत गेलो. साडेपाच तास लागले. गाठ सालीसकट निघाली. नस अखंड दिसत होती, पण ‘दिसत होती’ यावर माझा आता विश्वास राहिला नव्हता.

पाय शाबूत राहिले. करंगळी मात्र अकरा दिवस लाकडासारखी पडून होती. रोज सकाळी राउंडला टॉवेल, रोज तीनच बोटं. मला जेवण गोड लागेना.

बाराव्या दिवशी टाके काढले. “अजून दहा दिवस राहायचं,” मी सांगितलं. नामदेवरावांनी माझा हात टॉवेलाखाली ओढला आणि दाबला.

“तीन दिवस?” मी विचारलं.

“चार! करंगळी लागली न्हाई व्हय?”

लागली होती. मुंगी चावावी एवढीच, पण लागली होती. मी मुद्दामच “तीन” म्हटलं होतं. त्यांनी चिडून आणखी जोरात दाबलं, आणि मला भर वॉर्डात हसू फुटलं. सौदा सहा दिवसांवर पटला.

न्यायला बाबूभाई आले. त्यांनी माझ्या शब्दावर विसंबायचं साफ नाकारलं. इस्पितळाच्या पायरीवरच दोघांच्या हातांवर उपरणं टाकून त्यांनी स्वतः हात तपासला.

“चार,” ते म्हणाले. “झालं! आता पुन्यांदा आमालाच जपून ऱ्हायला पायजे.”

तेव्हापासून मी बोटांची ताकद टॉवेलाखालीच तपासतो. ज्युनिअर हसतात. हसू देत. उघड्या डोळ्यांना आपण केलेलं काम नेहमीच चांगलं दिसतं. केसपेपरवर ‘सगळं उत्तम’ लिहायचं मात्र मी त्या दिवसापासून सोडून दिलं.